मारियानो रिव्हेरा

मारियानो रिव्हेरा (जन्म २९ नोव्हेंबर १९६९, पनामा सिटी) हा न्यूयॉर्क यांकीज या अमेरिकन बेसबॉल संघाचा उजव्या हाताने चेंडू टाकणारा रिलीफ पिचर. १९९५ ते २०१३ असे १९ हंगाम तो मेजर लीगमध्ये (अमेरिकेतील सर्वोच्च स्तरावर) खेळला आणि सगळेच्या सगळे एकाच संघाकडून. सर्वाधिक ६५२ ‘सेव्ह’चा विक्रम त्याच्या नावावर आहे. पण केवळ या आकड्यावरून त्याची थोरवी कळत नाही. ती कळायला रिलीफ पिचरचे काम आधी समजून घ्यावे लागते.

बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा असतो आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांचे तीन-तीन बॅटर बाद व्हावे लागतात. सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, पाच-सहा इनिंगनंतर थकतो. मग मैदानाच्या कडेला ‘बुलपेन’ नावाच्या जागेत हात गरम करत असलेल्या रिलीफ पिचरांपैकी एकाला बोलावले जाते. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, त्यामुळे कोणाला कधी आणायचे हा मॅनेजरच्या कसोटीचा निर्णय असतो. आघाडी थोडीच असताना शेवटची इनिंग ज्याच्या हाती सोपवतात तो ‘क्लोजर’. क्रिकेटमध्ये अखेरच्या षटकांसाठी राखून ठेवलेल्या गोलंदाजाचा ताण ज्याने पाहिला आहे त्याला हे काम लगेच कळेल. फरक एवढाच की क्लोजर सहसा त्याआधी मैदानात उतरलेलाच नसतो.

पूर्वी स्टार्टर म्हणून जमले नाही अशांची रवानगी बुलपेनमध्ये होत असे. १९६९ मध्ये ‘सेव्ह’ला अधिकृत आकडेवारीत जागा मिळाली आणि या कामाला प्रतिष्ठा येऊ लागली. तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी असताना येऊन निदान एक इनिंग टाकली आणि सामना जिंकून संपवला, तर सेव्ह मिळतो. याचे आणखीही पोटनियम आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ओकलंडचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्स्लीला मुख्यतः नवव्या इनिंगपुरते राखून ठेवले आणि तीच पुढे सर्वत्र रीत झाली. सेव्ह हे माप मात्र तोकडेच आहे. तीन धावांची आघाडी सांभाळणे आणि एका धावेची सांभाळणे, दोन्हीला ते एकाच पारड्यात तोलते.

रिव्हेरा वाढला तो पनामा कालव्याच्या पश्चिमेला, पॅसिफिक किनाऱ्यावरील पुएर्तो काइमितो या मच्छीमारांच्या गावी. वडील मासेमारी बोटीचे कप्तान होते. मुले दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे ग्लव्ह करून आणि झाडाच्या फांद्यांच्या बॅट करून समुद्रकाठी खेळत. शाळा सुटल्यावर तोही वडिलांबरोबर बोटीवर जाऊ लागला. हौशी सामन्यांत तो पिचर नव्हताच, शॉर्टस्टॉपच्या जागी क्षेत्ररक्षण करायचा. एका सामन्यात संघाचा पिचर मार खात होता म्हणून त्याने स्वतःहून चेंडू हाती घेतला आणि त्यातूनच यांकीजच्या निवडकर्त्यांपर्यंत त्याचे नाव पोहोचले. फेब्रुवारी १९९० मध्ये अवघ्या दोन-तीन हजार डॉलरवर करार झाला. तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हते.

पुढची पाच वर्षे कनिष्ठ लीगमध्ये गेली. १९९२ मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी दोन नव्या संघांसाठी जुन्या संघांतून खेळाडू निवडायचे होते. यांकीजने राखून ठेवलेल्या खेळाडूंच्या यादीत रिव्हेराचे नाव नव्हते, तरीही त्याला कोणी उचलले नाही. २३ मे १९९५ रोजी त्याने कॅलिफोर्निया एंजल्सविरुद्ध स्टार्टर म्हणून पदार्पण केले. त्यात मार खाल्ला आणि काही आठवड्यांतच त्याला परत खाली, कोलंबसच्या कनिष्ठ संघात धाडण्यात आले. तिथे चेंडूचा वेग अचानक ताशी ९५ मैलांवर (सुमारे १५३ किमी) गेला. डेट्रॉइटशी त्याच्या अदलाबदलीची बोलणी चालू होती, ती यांकीजने हे पाहून थांबवली. १९९६ मध्ये क्लोजर जॉन वेटलँडच्या आधीच्या सातव्या-आठव्या इनिंग त्याच्याकडे आल्या. त्या हंगामात १०७ इनिंगमध्ये त्याने १३० बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले. सहा इनिंगनंतर यांकीज आघाडीवर असतील तर सामना संपल्यातच जमा, असे प्रतिस्पर्ध्यांना वाटू लागले. माझ्या मते त्याचा सर्वात मोलाचा हंगाम हाच, आणि त्यात त्याच्या नावावर सेव्ह होते फक्त पाच. यांकीजने १८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका जिंकली, वेटलँड दुसऱ्या संघात गेला आणि १९९७ पासून रिव्हेरा क्लोजर झाला.

त्या जूनमध्ये सामन्याआधी सहकारी रामिरो मेंडोसाबरोबर चेंडू फेकण्याचा सराव करताना त्याचा चेंडू आपोआप वळू लागला. मेंडोसाला तो झेलता येईना. पिचिंग प्रशिक्षक मेल स्टॉटलमायर यांच्यासह त्याने काही आठवडे चेंडू पुन्हा सरळ करण्याचा प्रयत्न केला, पण वळण जाईना. शेवटी त्याने ते तसेच वापरायचे ठरवले. हाच त्याचा ‘कटर’. पकड जवळपास साध्या वेगवान चेंडूचीच, फक्त मधल्या बोटाचा दाब जास्त. चेंडू जवळजवळ संपूर्ण अंतर सरळ येतो आणि बॅटपाशी पोहोचता-पोहोचता डावखुऱ्या बॅटरच्या हातांकडे काही इंच सरकतो. बॅटर घाव घालतो तो बॅटच्या जाड भागाने, पण चेंडू लागतो मुठीजवळच्या निमुळत्या भागाला आणि लाकूड मोडते. उजव्या हाताच्या पिचरला डावखुरे सहसा अधिक मारतात. रिव्हेराच्या बाबतीत हा संकेत उलटा झाला. दोन्ही हातांनी खेळू शकणारे काही बॅटर त्याच्यासमोर मुद्दाम उजव्या हाताने उभे राहत. २०१३ मध्ये निरोपाची भेट म्हणून मिनेसोटा ट्विन्सने त्याला मोडक्या बॅटींपासून बनवलेली झुलती खुर्ची दिली.

सोळा-सतरा वर्षे प्रामुख्याने हा एकच चेंडू. काय येणार हे बॅटरला ठाऊक, तरी उपाय नाही. याचे कारण अचूकतेत होते. त्याची फेकण्याची लय दरवेळी तीच राही आणि तो चेंडू हवा त्या कोपऱ्यात ठेवू शके. म्हणूनच चाळिशीत वेग ताशी ९०-९१ मैलांवर उतरला तरी निकाल बदलले नाहीत. क्षेत्ररक्षणातील चुकांवर गेलेल्या धावा सोडल्या तर कारकिर्दीत दर नऊ इनिंगमागे त्याने सरासरी २.२१ धावाच दिल्या.

खरा रिव्हेरा दिसे तो ऑक्टोबरमधील बाद फेऱ्यांत. तेथील ९६ सामन्यांत आणि १४१ इनिंगमध्ये त्याच हिशेबाने त्याच्या खात्यावर अवघ्या ११ धावा आहेत, म्हणजे सरासरी ०.७०. इथे त्याला अनेकदा आठव्या इनिंगपासूनच आणत, त्यामुळे एका इनिंगचा मानकरी हा क्लोजरांवरचा आक्षेप त्याला लागू पडत नाही. १९९८, १९९९, २०००, २००९ या वर्षी यांकीजने पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकल्या. १९९९ मध्ये त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता. २००३ मध्ये बोस्टनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात त्याने सलग तीन इनिंग टाकल्या आणि संघाचा विजयी होमरन (मैदानाबाहेर मारलेला फटका) बसताच पिचरच्या उंचवट्यावर जाऊन गुडघ्यांवर कोसळला.

त्याचे पराभवही तितकेच लख्ख आठवतात. ४ नोव्हेंबर २००१ रोजी ॲरिझोनाविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना होता. आठव्या इनिंगमध्ये त्याने तिघांनाही स्ट्राइकआउट केले. नवव्या इनिंगमध्ये २-१ अशी आघाडी असताना एका बंटवर (बॅट नुसती लावून जवळच टाकलेल्या चेंडूवर) त्याची स्वतःची फेक चुकली. टोनी वोमॅकच्या फटक्याने बरोबरी झाली. सगळे बेस (धाव पुरी होण्याआधीचे तीन थांबे) भरलेले आणि एकच बाद, म्हणून धाव रोखायला आतले क्षेत्ररक्षक पुढे सरकले होते. लुइस गोन्झालेसला कटर मुठीजवळच लागला. चेंडूने आपले काम चोख केले होते. पण तो हलका उडालेला झेल पुढे आलेल्या शॉर्टस्टॉप डेरेक जीटरच्या डोक्यावरून मागे पडला. जीटर नेहमीच्या जागी असता तर तो सहज टिपला गेला असता. बाद फेऱ्यांतील सलग २३ सेव्हनंतर ही संधी हुकली. पराभवामुळे विजययात्रा रद्द झाली आणि सहकारी एन्रिके विल्सन ठरल्यापेक्षा लवकर मायदेशी गेला. त्याचे मूळ तिकीट ज्या विमानाचे होते ते १२ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये कोसळले. हरलो तेच बरे झाले, निदान मित्र तरी राहिला, असे रिव्हेराने पुढे बोलून दाखवले.

२००४ मध्ये बोस्टनविरुद्ध ३-० अशी आघाडी असलेल्या मालिकेच्या चौथ्या सामन्यात त्याच्या हातून सेव्ह निसटला आणि मालिकाही गेली. पुढच्या वसंतात बोस्टनच्या प्रेक्षकांनी त्याला खिजवण्यासाठी टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हा त्याने हसून टोपी उंचावली. पराभव सामन्यागणिक मागे टाकण्याची ही वृत्तीच त्याला इतकी वर्षे टिकवून गेली असावी.

१९ सप्टेंबर २०११ रोजी ६०२ वा सेव्ह मिळवून त्याने ट्रेव्हर हॉफमनचा विक्रम मोडला. मे २०१२ मध्ये कॅन्सस सिटीत सरावाच्या वेळी उंच चेंडू पकडताना गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. ४२ वर्षांचा खेळाडू तिथेच थांबला असता तर कोणी बोल लावला नसता. तो परतला आणि २०१३ मध्ये ४४ सेव्ह मिळवून निवृत्त झाला. २६ सप्टेंबरच्या त्याच्या शेवटच्या सामन्यात यांकीज मागे होते, त्यामुळे सेव्हचा प्रश्नच नव्हता. चार बॅटर बाद केल्यावर त्याला बाहेर आणायला मॅनेजरऐवजी जुने सहकारी अँडी पेटिट आणि जीटर गेले. पेटिटच्या खांद्यावर डोके ठेवून तो रडला. त्याच्या जर्सीवरचा ४२ हा क्रमांक, मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनच्या सन्मानार्थ, १९९७ मध्येच सर्व संघांतून निवृत्त झाला होता. तेव्हा तो वापरत असलेल्यांना मुभा होती, आणि त्यांपैकी हा शेवटचा.

हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात, रिलीफ पिचरांना नेहमीच तिष्ठावे लागले. पहिला मानकरी हॉइट विल्हेल्म १९८५ मध्ये आठव्या प्रयत्नात निवडला गेला. ४७८ सेव्ह मिळवणारा ली स्मिथ पत्रकारांच्या मतदानात १५ वर्षे नापास होत राहिला आणि अखेर एका समितीने त्याला घेतले. २०१९ मध्ये रिव्हेराला मात्र ४२५ पैकी ४२५ मते पडली. त्याआधी एकालाही एकमताने निवडले गेले नव्हते. पुढच्याच वर्षी जीटरचे एक मत हुकले. २०१९ च्या त्याच सोहळ्यात स्मिथचाही गौरव झाला. सिएटलच्या एडगर मार्टिनेझचाही त्याच दिवशी सन्मान झाला. रिव्हेरासमोर निम्म्याहून अधिक वेळा हिट मारणारा हा उजव्या हाताचा बॅटर आपल्याला कधीच आवरला नाही, हे रिव्हेरा मोकळेपणाने सांगत आला आहे.