परदेशी खरेदीदार हवाय? दूतावासाला लिहिण्याआधी हे वाचा

हळद-बेदाण्याच्या निर्यातीची कागदपत्रं आम्ही करतो. सांगली-तासगावचे व्यापारी आले की पहिला प्रश्न ठरलेला: "दूतावासात कुणी ओळखीचं आहे का?"

ओळख लागत नाही. परदेशातल्या आपल्या बहुतेक वकिलातींत वाणिज्य विभाग असतो आणि निर्यातदारांच्या चौकशीला उत्तर देणं हे त्याचं कामच आहे. फक्त पत्ता बरोबर हवा. अमिरातीत दूतावास अबुधाबीला आहे, पण दुबईच्या बाजारासाठी दुबईच्या महावाणिज्य दूतावासाला लिहावं. 2024 साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'ट्रेड कनेक्ट' पोर्टलवरूनही वकिलातींपर्यंत पोहोचता येतं. मुंबईतल्या परदेशी वकिलातींकडेही काहीजण जातात; पण त्यांचा माणूस त्यांच्या देशाचा माल इथे खपवायला बसलेला असतो, हे लक्षात ठेवा.

"आमच्याकडे उत्तम प्रतीची हळद आहे, पार्टी कळवावी" अशा मेलवर तिकडचा अधिकारी काय करणार? असं लिहा: राजापुरी हळद, अख्खी, पॉलिश केलेली, एचएस कोड (मालाचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक) 091030, ओलावा 10 टक्क्यांच्या आत, करक्युमिन (हळदीतला पिवळा घटक) लॅबच्या रिपोर्टप्रमाणे (रिपोर्ट जोडा), 25 किलोची गोणी, महिन्याला वीस फुटी एक कंटेनर, दर जेबेल अली (दुबईचं बंदर) पोहोच. एवढं वाचून तो नेमक्या आयातदारांची नावं देऊ शकतो. यादी आली की फोन, सॅम्पल आणि घासाघीस तुमची तुम्हालाच करायची आहे.

त्याआधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा कोड, हवा. तो आता तुमचा पॅन क्रमांकच असतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो ऑनलाइन अपडेट करावा लागतो, काही बदल नसला तरी. राहिला तर कोड निष्क्रिय होतो, आणि हे बऱ्याच जणांना कंटेनर भरायच्या दिवशी कळतं. हळदीसाठी स्पायसेस बोर्डाची नोंदणी लागते, बेदाण्यासाठी अपेडाची, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाची.

राजदूतांची 'खास शिफारस' विकणाऱ्यांपासून लांब राहा. आमच्या एका ग्राहकाने राजदूतांना भेटवणाऱ्या अशाच एका शिष्टमंडळासाठी भरपूर पैसे मोजले. राजदूतांसोबतचा फोटो आजही त्यांच्या गादीमागे लावलेला आहे. ऑर्डर मात्र एकही आली नाही. वशिल्याने व्यापार मिळवायची धडपड तशी जुनीच. 1674 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन राज्याभिषेकाला रायगडावर आला, तो व्यापारी सवलतींच्या तहासाठीच. बरीच कलमं मान्य झाली. पण इंग्रजी नाणं रयतेने तोट्यात घ्यावं अशी सक्ती करायला महाराज तयार झाले नाहीत.

पैसे अडकले तर वकिलात त्या पार्टीला पत्र लिहिते, समजावते. वसुली करून देत नाही. म्हणून नव्या पार्टीला उधारीवर माल सोडण्याआधी ईसीजीसीचा विमा (परदेशी पार्टीने पैसे बुडवले तर भरपाई देणारा) घ्या. ही केंद्र सरकारचीच कंपनी आहे, 1957 पासूनची. पार्टीची पत तपासून किती उधारीपर्यंत विमा द्यायचा, ही मर्यादा कंपनी ठरवते. मर्यादा कमी आली तर त्यातून काय समजायचं ते समजा, आणि एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र, मागा.

मेलचा मसुदा आम्ही लिहून देतो. येताना पॅन, आयईसीची प्रत, लॅब रिपोर्ट आणि ज्या गोणीत माल जाणार तिचा फोटो आणा. लेबलावरच्या चुका आम्हाला बहुधा त्या फोटोतच सापडतात.