ओप्पो आणि विवो : मूळ एक, कंपन्या दोन

“ओप्पो आणि विवो एकच कंपनी, नुसती नावं दोन,” असं मोबाइलच्या दुकानात सर्रास ऐकू येतं. मूळ एक आहे, हे खरं. पण बाजारात या दोघी एकमेकींच्या कडव्या प्रतिस्पर्धी आहेत आणि ‘एकच कंपनी’ म्हणून उचललेला चार्जर तुमच्या फोनला पूर्ण वेग देईलच असं नाही.

दुआन योंगपिंग यांनी १९९५मध्ये चीनमधल्या डोंगग्वान शहरात बीबीके ही कंपनी काढली. व्हीसीडी प्लेअर, घरगुती टेलिफोन, मुलांना शिकवणारी यंत्रं असा तिचा माल होता. पुढे धंद्याच्या वाटण्या झाल्या. गाणी-सिनेमाची उपकरणं चेन मिंगयोंग यांच्याकडे गेली, त्यातून २००४मध्ये ओप्पो उभी राहिली. टेलिफोन शेन वेई यांच्या वाट्याला आले, त्यातून २००९मध्ये विवो. ओप्पो आधी एमपी३ आणि डीव्हीडी प्लेअर विकत होती, २००८मध्ये ती फोनकडे वळली. विवोने २०११मध्ये स्मार्टफोन आणला. गाण्यांचा वारसा ओप्पोचा, पण २०१२च्या एक्स१मध्ये खास आवाजासाठी वेगळी चिप बसवली ती विवोने!

विकण्याची रीत मात्र दोघींनी सारखीच ठेवली. शाओमी ऑनलाइन विक्रीवर वाढत असताना यांनी लहान शहरांतले दुकानदार धरले, त्यांना चांगलं कमिशन दिलं. २०१६मध्ये आयडीसी या बाजार-संशोधन कंपनीच्या आकडेवारीत ओप्पो चीनमध्ये पहिली आली, विवो तिसरी आणि शाओमी घसरून पाचवी. माझ्या मते या दोघींच्या यशाचं खरं श्रेय त्या दुकानदारांचं आहे, कॅमेऱ्याचं नंतर. भारतातही २०१४मध्ये दोघी आल्या त्या हीच रीत घेऊन, म्हणून तालुक्याच्या बाजारपेठेत ओप्पोच्या हिरव्या पाटीशेजारी विवोची निळी पाटी दिसते. जाहिरातीही तशाच : विवोने आयपीएल आणि प्रो कबड्डीचं प्रायोजकत्व घेतलं, ओप्पोने २०१७मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीचं.

तंत्रात त्या वेगळ्या होतात. जून २०१८मध्ये पडद्यावरची कॅमेऱ्याची खाच घालवायचा प्रश्न दोघींनी एकाच महिन्यात सोडवला. विवोच्या नेक्समध्ये छोटा कॅमेरा वर उचलला जातो, ओप्पोच्या फाइंड एक्समध्ये फोनचा अख्खा माथाच सरकतो. एकच कंपनी असती तर एका प्रश्नावर दोनदा खर्च कशाला केला असता?

चार्जिंगचा फरक तर रोजच्या वापरातला. ओप्पोने २०१४च्या फाइंड ७मध्ये ‘वूक’ आणलं. व्होल्टेज वाढवायचं तर ते उतरवण्याचं काम फोनमध्ये होतं आणि फोन तापतो. वूकने व्होल्टेज कमी ठेवून करंट वाढवला, त्यामुळे ती उष्णता चार्जरकडे राहिली. त्यासाठी जादा करंट पेलणारी खास केबल लागते, साध्या केबलवर तो वेग मिळत नाही. विवोचं ‘फ्लॅशचार्ज’ वेगळं आहे.

गोंधळ आणखी वाढवतात त्या इतर नावाच्या कंपन्या. रिअलमी २०१८मध्ये ओप्पोतून निघाली आणि वनप्लसही ओप्पोच्याच बाजूची, तर आयकू (iQOO) हा विवोचा ब्रँड. जुना चार्जर नव्या फोनला लावायचा असेल, तर आधी फोन कोणत्या बाजूचा ते पाहा, मग चार्जरवरचे व्होल्ट-अँपिअरचे आकडे. दुरुस्तीला मात्र त्या-त्या ब्रँडचंच सर्व्हिस सेंटर शोधावं.