मण्यांच्या पर्सचं वय

जुनी मण्यांची पर्स विकायला आली की तिच्याबरोबर ‘व्हिक्टोरियन’ हे विशेषण ठरलेलं. राणी व्हिक्टोरियाचा काळ १८३७ ते १९०१. प्रत्यक्षात युरोप-अमेरिकेच्या जुन्या बाजारात आज हाताला लागणाऱ्या अशा पर्स बऱ्याचदा पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या किंवा त्यानंतरच्या वीस वर्षांतल्या असतात. शिवाय १९५० नंतर हाँगकाँग आणि जपानमधून आलेला माल त्यात भरपूर मिसळलेला. विकणारा दरवेळी लबाडीच करतो असं नाही. या वस्तूचा स्वभावच फसवा आहे. मणी एका काळातले, वरची धातूची चौकट दुसऱ्या काळातली आणि अस्तर तिसऱ्याच कुणीतरी नंतर घातलेलं, अशी पर्स सर्रास सापडते. चौकट महाग असायची, म्हणून पिशवी झिजली की ती उसवून नव्या पिशवीला लावत. कधी याच्या उलट, आजीने विणलेल्या पिशवीला नातीने नवी चौकट बसवून घेतलेली असे. त्यामुळे ‘ही पर्स कधीची?’ हा प्रश्न एका पर्सला नाही, तिच्या चार-पाच भागांना वेगवेगळा विचारावा लागतो.

मुळात बायकांच्या हातात पर्स आली तीच उशिरा. अठराव्या शतकात युरोपातल्या स्त्रिया फुगीर घागऱ्याच्या आत कमरेला नाडीने खिसे बांधत आणि घागऱ्याच्या शिवणीतल्या फटीतून त्यात हात घालत. १७९०च्या दशकात ग्रीक पुतळ्यांसारखे सरळ, पातळ झगे आले. त्यांना लागणारी तलम मलमल बंगालमधूनही जात होती. एवढ्या झिरझिरीत कापडाखाली बांधलेला खिसा लगेच दिसायचा. मग खिसा बाहेर आला आणि हातात धरायची नाडीची छोटी पिशवी झाला. तिला रेटिक्यूल म्हणत. आपला बटवा डोळ्यांपुढे आणला तरी पुरे.

मण्यांचं काम मात्र त्याआधीचं. अठराव्या शतकाच्या मध्यात पॅरिसमध्ये ‘साब्ले’ नावाचं काम चाले. मणी वाळूच्या कणांएवढे बारीक, एका चौरस इंचात हजाराच्या घरात. नाण्यांच्या छोट्या पिशव्या, डब्या, अगदी बुटांचे वरचे भागही या कामात सापडतात. ते मुळातच कमी झालं आणि आता बहुतेक संग्रहालयांतच आहे. कुणी घरातल्या ट्रंकेत सापडल्याचं सांगितलं तर मी आधी भिंग मागेन.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मण्यांच्या पिशव्या विणल्या जाऊ लागल्या. दक्षिण जर्मनीतलं श्वेबिश ग्म्युंड हे त्याचं मोठं ठिकाण. हे काम कसं चाले ते समजून घेतल्याशिवाय अशा पर्सची किंमत कळत नाही. चौकोनी घरं आखलेल्या कागदावर गुलाबाचा, किल्ल्याचा किंवा कबुतरांचा नकाशा असे. विणायला सुरुवात करण्याआधीच त्या नकाशाबरहुकूम सगळे मणी रेशमी दोऱ्यात ओवून ठेवायचे, तेही उलट्या क्रमाने, कारण शेवटी ओवलेला मणी विणताना पहिला येतो. मग शिवणाच्या सुईइतक्या बारीक विणकामाच्या सुयांवर प्रत्येक टाक्याला एक मणी सरकवत जायचं. ओवताना एक मणी जास्त पडला तर तो पकडीने फोडून काढता येई. कमी पडला असेल तर दोरा तोडण्यावाचून गत्यंतर नसे, नाहीतर तिथून पुढचं सगळं चित्र एक घर सरके. जुन्या पिशव्यांत गुलाबाच्या पाकळीला मध्येच अशी पायरी पडलेली दिसते. मला ती पायरी बिनचूक कामापेक्षा जास्त आवडते.

या पिशव्यांवर कधी आद्याक्षरं असतात, कधी चक्क सालही विणलेलं असतं. चित्रंही वेळ सांगून जातात. १८२६ मध्ये इजिप्तच्या मुहम्मद अलीने फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्स राजाला जिराफ भेट पाठवला. १८२७ मध्ये तो मार्सेयहून पॅरिसपर्यंत चालत गेला आणि सगळा देश जिराफवेडा झाला. कपबश्या, पंखे, केशरचना, सगळीकडे जिराफ, आणि मण्यांच्या पिशव्यांवरही. असंच पुढे नोव्हेंबर १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडल्यावर झालं. पर्सवर पंख पसरलेले गरुड, कमळं, भुंगेरे आले. नक्षी अशी एखाद्या घटनेला बांधलेली असली तर बरं. नुसती गुलाबांची परडी असेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नये, ती दीडशे वर्षं चालू होती.

मणी बघताना आधी आकार बघतात. मण्यांच्या मापात आकडा जितका मोठा, तितका मणी लहान. आज सहज मिळणाऱ्यांत पंधरा नंबरचा मणी सर्वांत बारीक समजला जातो, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरचा. जुन्या विणलेल्या पिशव्यांत अठरा, वीस, बावीस नंबरचेही सापडतात. दोन मोठी उगमस्थानं: व्हेनिसजवळचं मुरानो आणि बोहेमियातलं, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातलं, याब्लोनेत्स, ज्याला जर्मनमध्ये गाब्लोन्झ म्हणत. जुना मणी हाताने ओढलेल्या काचनळीचा, त्यामुळे शेजारशेजारचे दोन मणीही अगदी सारखे नसतात. पृष्ठभाग सायकलच्या साखळीसारखा एकसुरी दिसला तर तो विसाव्या शतकाचा असण्याची शक्यता वाढते. फ्रान्समध्ये पोलादाचे पैलू पाडलेले मणी बनत. त्यांच्या पर्स वजनदार असतात आणि दमट हवेत गंजतात. मुंबईच्या पावसाळ्यात अशी पर्स उघडी ठेवणं म्हणजे तिचा निकाल लावणं. काचेचाही एक रोग असतो. काचेत क्षाराचं प्रमाण बिघडलेलं असेल तर मणी ओलसर, चिकट होतात, मग तडकतात. अशा पर्सला पाणी लावायचं नाही.

पुढची पायरी आतल्या बाजूची. अस्तराच्या फटीतून पाठ बघायला मिळाली तर काम विणलेलं आहे, क्रोशाचं आहे, मागावरचं आहे की आरीचं, ते कळतं. मागावरच्या कामात मणी आडव्या-उभ्या सरळ रांगांत बसतात. विणकामात किंचित तिरके. पाठीमागे साखळीटाका दिसला तर ते हुकाचं काम, आणि इथे आपला थेट संबंध येतो. कापड चौकटीवर ताणून हुकाने साखळीटाका घालण्याची ही पद्धत अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेली. कच्छच्या मोची कारागिरांचं आरीकाम त्याच कुळातलं. फ्रान्सच्या लुनेव्हिलमध्ये तिला वेगळं वळण मिळालं. तिथे कापडाची उलटी बाजू वर ठेवतात, मणी आधीच दोऱ्यात ओवलेले असतात आणि खालच्या बाजूला बसत जातात. कारागीर काम करते ती चित्राकडे न बघता. आपल्याकडे ब्लाउजच्या पाठीवर आरीवर्क करणाऱ्या ताई मणी सुईवर घेऊन वरूनच बसवतात. हुकाच्या कामाची खोड एकच: एक टोक सुटलं की साखळी उसवत जाते आणि मणी ओघळतात. म्हणून कुठे दोरा लोंबताना दिसला तर ओढू नये, हे विकत घेणाऱ्याने पहिल्यांदा शिकावं.

चौकटीवरून ‘याआधीची नाही’ एवढं तरी नक्की सांगता येतं. जर्मन सिल्व्हर हा मिश्रधातू तांबं, निकेल आणि जस्त यांचा. त्यात चांदी मुळीच नसते आणि तो १८२०च्या दशकात आला. सुरुवातीच्या प्लॅस्टिकांपैकी सेल्युलॉइड १८७०च्या सुमाराचं, बेकेलाइट १९०७चं. कासवाच्या पाठीसारखी दिसणारी, हलकी, कोरीव चौकट बहुधा सेल्युलॉइडची निघते, आणि त्या चौकटींचा बहर १९२०च्या दशकात. तो काळच पर्सचा होता. झगे आखूड, सरळ, बिनखिशाचे, आणि जवळ बाळगायला लिपस्टिक, पावडरची डबी, सिगारेट. झिप असेल तर आणखी पुढे यावं लागतं: आजची झिप गिडिअन सुंडबॅक याने १९१३ मध्ये आणली आणि पर्समध्ये ती रुळायला आणखी बरीच वर्षं गेली. अस्तराचं रेशीम उभ्या चिरांनी फाटलेलं दिसलं तर घाबरू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रेशमाला वजन यावं म्हणून कथलाचे क्षार पाजत, आणि तेच क्षार आता धागे तोडतात. अशा पर्सला नवं कोरं अस्तर दिसलं तर ते बदललेलं, हे उघड आहे.

सगळ्यांत उपयोगी चिठ्ठी, म्हणजे लेबल, ती राहिली असेल तर. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं केलं आणि मार्च १८९१ पासून ते लागू झालं. चिठ्ठीवर चेकोस्लोव्हाकिया असेल तर पर्स २८ ऑक्टोबर १९१८ नंतरची, कारण त्याआधी हा देशच नव्हता. तोवर याब्लोनेत्सचा माल ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातला. ‘ऑक्युपाइड जपान’ म्हटलं की १९४५ ते १९५२. ‘वेस्टर्न जर्मनी’ म्हटलं की १९४९ नंतरची. उलट चिठ्ठी नाही म्हणून पर्स १८९१ च्या आधीची, असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तो चूक आहे. चिठ्ठ्या कापून टाकल्या जातात, आणि या कायद्याची सक्ती फक्त अमेरिकेत जाणाऱ्या मालाला होती.

याब्लोनेत्सची पुढची गोष्ट राजकारणाची. १९३८ च्या म्युनिक करारात हा प्रदेश जर्मनीला गेला, युद्धानंतर तिथल्या जर्मन कारागिरांना हाकललं गेलं. त्यातल्या अनेकांनी बव्हेरियात काउफबॉयरनजवळ नॉयगाब्लोन्झ ही वस्ती वसवली आणि तिथे पुन्हा काचेचे दागिने, मणी करायला घेतले. दरम्यान हाताने मणी बसवण्याचं काम जिथे मजुरी स्वस्त तिथे सरकलं. १९५० च्या दशकातल्या पांढऱ्या, मोतिया आणि काळ्या पार्टी-पर्सवर वॉलबोर्गसारखी अमेरिकी नावं दिसतात आणि खाली बेल्जियम, जपान किंवा हाँगकाँग. जरीकाम आणि मण्यांच्या भारतीय पर्सही याच काळात बाहेर जात होत्या; भोपाळच्या बटव्यांची परंपरा तर त्याहून जुनी. चिठ्ठीवर नुसतं ‘इंडिया’ असेल तर ती १९४७ च्या आधीचीही असू शकते.

शेवटी दोरा. जुनी पर्स रेशमाच्या किंवा सुताच्या दोऱ्यावर असते. नायलॉन १९३८ मध्ये जाहीर झालं आणि १९४० पासून सर्वसामान्यांना मिळू लागलं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यावर ओवलेली पर्स १९२० ची म्हणून विकली जात असेल तर ती निदान पुन्हा ओवलेली तरी आहे. आपल्याकडे १९७०-८० च्या दशकांत घरोघरी तंगूसवर प्लॅस्टिकचे मोती ओवून तोरणं, महिरपी आणि पर्स केल्या गेल्या. त्या ओळखायला भिंग लागत नाही. पांढऱ्या सुती दोऱ्याचा संशय आला तर अंधारात अतिनील दिवा धरावा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बऱ्याच दोऱ्यांत आणि धुण्याच्या पावडरींत उजाळा देणारी रसायनं असतात, ती निळसर चमकतात. मात्र पर्स मध्ये कधीतरी साबणाच्या पाण्यात बुडवली गेली असेल, तर जुना दोराही तसाच चमकेल.