शब्द तोच, मग अपमान कसा झाला?

‘निग्रो हा कोशातला साधा शब्द, हल्लीच त्याची उगाच शिवी केली,’ असा मजकूर आमच्या सांगलीच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरतोय. यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ नुसता ‘काळा’. पण आफ्रिकी वंशाच्या माणसांसाठी तो रुळला गुलामांच्या बाजारात, विक्रीच्या कागदांवर. आणि हे नाव ठेवलं विकणाऱ्यांनी. पुढे बराच काळ तो सभ्यही मानला गेला. 1960 च्या दशकात मात्र अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनीच तो नाकारायला सुरुवात केली. म्हणजे ‘हल्ली’ नव्हे. मागे राहिले ते सरकारी कागद: अमेरिकेच्या 2010 च्या जनगणनेच्या अर्जातही तो होता.

आपल्याकडचंच बघा. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींवर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला. पाळण्यातलं पोरही त्यातून सुटलं नाही. 1952 मध्ये देशभरातून तो कायदा गेला, ‘विमुक्त’ शब्द आला. सरकारी दप्तरातला होता म्हणून तो जुना शब्द सातारा-सांगलीकडच्या पालावर आज कुणी तोंडावर उच्चारेल का?

पडताळायचं असेल तर जुना आणि नवा इंग्रजी कोश शेजारी उघडा. माझ्या आजोबांच्या कोशात फक्त अर्थ आहे. नव्यात त्यापुढे ‘जुना, अपमानकारक’ अशी सूचनाही आहे.