स्ट्रिक्ट एलियासिंग आणि रिस्ट्रिक्ट: नियम भाषेचा, शब्द तुमचा

सी प्रोग्राम ‘ओ०’वर (ऑप्टिमायझेशन बंद) बरोबर आणि ‘ओ२’वर (ऑप्टिमायझेशन चालू) चुकीचं उत्तर देऊ लागला की पहिला सल्ला ठरलेला: ‘एफ-नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग’ हा कंपायलरचा फ्लॅग लावून, म्हणजे स्ट्रिक्ट एलियासिंगचा नियम बंद करून बघ. पण खोट पॉइंटरला लावलेल्या ‘रिस्ट्रिक्ट’ या कीवर्डमध्ये असेल तर या फ्लॅगचा काडीचाही उपयोग नाही.

दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच: हे दोन पॉइंटर एकाच जागेवर असू शकतात का? नाही अशी खात्री असेल तरच कंपायलर लूपमधलं वाचन बाहेर काढून किंमत रजिस्टरमध्ये ठेवतो.

स्ट्रिक्ट एलियासिंग टाइपवरून ठरवतं. इंट म्हणून ठेवलेलं फ्लोट पॉइंटरने वाचायचं नाही, म्हणून ते दोन पॉइंटर वेगळ्या जागी आहेत असं गृहीत धरलं जातं. त्यासाठी काही लिहावं लागत नाही. जीसीसी या कंपायलरमध्ये हे ‘ओ२’पासून आपोआप चालू होतं. फ्लोटचे बिट्स बघायला पॉइंटर कास्ट केला की घात होतो, कारण लिहिण्याआधीच वाचन उरकलं जाऊ शकतं. तिथे बाइट्सची नक्कल करणारं मेमकॉपी हे फंक्शन वापरा. चार बाइट्सची मेमकॉपी ऑप्टिमायझेशननंतर बहुधा प्रोसेसरच्या एकाच सूचनेवर येते. लिनक्स कर्नल मात्र हा नियम बंद ठेवूनच कंपाइल होतो.

टाइप एकच असला की हा नियम मुका होतो. ‘ए[आय] += *बी’ या लूपमध्ये दोन्ही इंट असतील, तर ‘ए’त लिहिताना ‘बी’खालची किंमत बदलली असेल या शंकेने ती प्रत्येक फेरीत पुन्हा वाचावी लागते. ‘बी’ला कॉन्स्ट लावून भागत नाही, त्यातून लिहिणार नाही एवढंच त्याने कळतं, दुसरं कोणी लिहिणार नाही हे नाही. इथे सी९९ या प्रमाणकातलं रिस्ट्रिक्ट हवं: या पॉइंटरमधून जिथे लिहिलं जातं तिथे दुसऱ्या वाटेने कोणी जाणार नाही, असं ते सांगतं. एकट्या ‘ए’ला लावलं तरी पुरतं. मात्र तो तुम्ही दिलेला शब्द आहे, कंपायलर त्याची शहानिशा करत नाही. मेमकॉपीचे दोन्ही पॉइंटर रिस्ट्रिक्ट असतात. एकमेकांवर येणाऱ्या भागांसाठी मेममूव्ह लागतं ते म्हणूनच. दोन्हींतून नुसतं वाचन असेल तर जागा एक असली तरी चालते.

सगळ्यात फसवा प्रकार इमेजच्या बफरचा. पिक्सेलसाठी वापरला जाणारा युइंट८ हा टाइप म्हणजे व्यवहारात अनसाइन्ड कॅरच, आणि कॅरला टाइपच्या नियमातून सूट आहे. त्यामुळे एक पिक्सेल लिहिला की पॉइंटरमार्फत वाचलेल्या स्ट्रक्टमधली रुंदीसुद्धा बदलली असेल असा संशय येतो. रुंदी आधीच स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या, नाहीतर बफरला रिस्ट्रिक्ट लावा.

रिस्ट्रिक्टने वेग दुप्पट होईलच असं नाही. जीसीसी आणि क्लँग अनेकदा लूपच्या दोन प्रती बनवतात आणि जागा एकमेकींवर येतात का ते चालताना तपासून वेगवान प्रत निवडतात. तेव्हा रिस्ट्रिक्टमुळे टळते ती फक्त तपासणी, आणि ती छोट्या लूपमध्येच जाणवते.