रानटर्कीची हाक कुठे गेली?

अमेरिकेच्या आग्नेयेकडील जॉर्जिया राज्यात एप्रिलच्या पहाटे पाइनच्या जंगलात दबा धरून बसलेला शिकारी डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबून असतो. रानटर्कीचे नर रात्री झाडावर मुक्कामाला असतात आणि पुरते उजाडण्याआधीच तिथूनच घशातून खळाळणारी, दूरवर पोचणारी हाक देतात. कधीकधी शिकारी मुद्दाम घुबडासारखा घूत्कार करतो. दचकून एखादा नर उत्तर देतो आणि त्याचे झाड कोणत्या दिशेला आहे ते कळते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत दक्षिणेतल्या अनेक राज्यांतील शिकाऱ्यांची तक्रार एकच आहे: जिथे एका टेकडीवर उभे राहून चार-पाच नर मोजता येत होते, तिथे आता एखादाच ऐकू येतो, आणि कित्येक सकाळी तोही नाही.

पक्षी कमी झाल्याची काळजी ते मारणाऱ्यालाच वाटावी, हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाढलेल्या आपल्या पिढीला जरा विचित्र वाटते. अमेरिकेतली व्यवस्था वेगळी आहे. तिथे शिकारीचा हंगाम कधी उघडायचा आणि एका माणसाने हंगामात किती नर मारायचे हे प्रत्येक राज्य ठरवते. वसंतातल्या हंगामात मुख्यतः नरांचीच शिकार होते. आणि 1937 च्या एका कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवर बसणारा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला जातो. रानटर्की आज जंगलात दिसते त्यात या पैशाचा वाटा मोठा आहे, हे शिकारीविषयी कितीही अढी असली तरी मान्य करावे लागते.

कारण हा पक्षी एकदा जवळजवळ संपला होता. जंगलतोड आणि बाजारासाठी बेसुमार केलेली शिकार यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तो मूळ प्रदेशातल्या कितीतरी राज्यांतून नाहीसा झाला. मॅसॅच्युसेट्समधला शेवटचा पक्षी 1851 मध्ये संपला. पुढे पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे झाले आणि फसले, कारण आईच्या मागे न फिरलेल्या पिल्लाला कोणापासून पळायचे हेच ठाऊक नसते. मार्ग सापडला तो जाळ्यात. आमिष म्हणून टाकलेल्या दाण्यांवर कळप जमला की लहान तोफांच्या साहाय्याने मोठे जाळे त्याच्यावरून फेकायचे आणि पकडलेले खरेखुरे रानपक्षी रिकाम्या जंगलात नेऊन सोडायचे, ही रीत 1951 मध्ये साउथ कॅरोलायनात टर्कीसाठी वापरली गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये 1972-73 साली न्यूयॉर्कमधून आणलेले अवघे 37 पक्षी सोडले होते. आज त्या राज्यात 25,000 हून अधिक आहेत, आणि बॉस्टनच्या उपनगरांत रस्त्यात ठाण मांडणाऱ्या टर्कींविषयी रहिवासी तक्रारी करतात. देशभरातली संख्या या शतकाच्या सुरुवातीला सुमारे 67 लाखांवर पोचल्याचा अंदाज होता. नंतरचे अंदाज 60 ते 65 लाखांच्या दरम्यानचे आहेत. एवढी घट किरकोळ वाटेल, पण ईशान्येकडील वाढीने आग्नेयेकडील आणि मध्य-पश्चिमेकडील उतार त्या आकड्यात झाकला जातो.

पहाटेच्या शांततेचा अर्थ नेमका काय, इथून वैज्ञानिकांचे काम सुरू होते. रानटर्कीची शिरगणती करता येत नाही. जॉर्जिया विद्यापीठातील मायकल चेंबरलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलात स्वयंचलित ध्वनिमुद्रक लावून नरांच्या हाका नोंदवल्या, तेव्हा असे दिसले की शिकारीचा हंगाम सुरू झाला की हाका झपाट्याने कमी होतात. काही नर मारले जातात म्हणून, आणि उरलेले गप्प राहायला शिकतात म्हणूनही. म्हणजे शिकाऱ्याच्या कानाने टिपलेली शांतता खरी असते, पण ती पक्ष्यांच्या संख्येविषयी जेवढे सांगते तेवढेच त्यांच्या वागण्याविषयीही सांगते.

या नराचे वागणे मुळातच बघण्यासारखे आहे. पिसारा पंख्यासारखा उभारून, पंखांची टोके जमिनीवर घासत तो मादीपुढे मिरवतो, तेव्हा त्याच्या पिसे नसलेल्या डोक्याचा आणि मानेचा रंग क्षणाक्षणाला लाल, पांढरा, निळा असा पालटतो. ही गोष्ट एका बादशहानेही टिपून ठेवली आहे. 1612 मध्ये मुकर्रब खान या दरबाऱ्याने गोव्याहून, म्हणजे पोर्तुगिजांकडून, आणलेल्या नवलाईच्या जिनसांत एक टर्कीही होती. जहांगिराने आपल्या आठवणींत तिच्या सरड्यासारख्या बदलत्या रंगांचे वर्णन केले, माजावर असताना डोके पोवळ्यांनी मढवल्यासारखे दिसते असे लिहिले, आणि उस्ताद मन्सूरकडून तिचे चित्र काढून घेतले. ती टर्की अर्थात पाळीव वाणाची होती. मेक्सिकोत माणसाळवलेल्या पक्ष्याचे वंशज युरोपमार्गे गोव्याला पोचले होते. गंमत अशी की इंग्रजांनी या अमेरिकी पक्ष्याला तुर्कस्तानचे नाव दिले आणि तुर्की भाषेत मात्र त्याला ‘हिंदी’ म्हणतात.

मिरवणारा नर बहुधा एकटा नसतो. ॲलन क्राकाउअर यांनी कॅलिफोर्नियात केलेल्या आणि 2005 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की जोडीने पिसारा फुलवणारे नर अनेकदा भाऊ असतात. पिल्ले होतात ती फक्त वरचढ भावाची. दुसरा नुसता साथ देतो, आणि भावाच्या संततीतून त्याचा आनुवंशिक वारसा अप्रत्यक्षपणे पुढे जातो. नरांमध्ये अशी कडक उतरंड असल्यामुळेच एक शंका पुढे आली. निसर्गक्रमाने मादी हाक देणाऱ्या नराकडे जाते. शिकारी मादीचा आवाज काढून नरालाच आपल्याकडे बोलावतो. (आपल्याकडे पाळीव तित्तिराच्या हाकेवर रानातला तित्तिर फसवण्याची पारध्यांची रीत याच जातीची.) सर्वांत जोमाने हाक देणारा वरचढ नर असाच आधी मारला जाणार. हंगाम जर माद्या अंड्यांवर बसण्याच्या आधीच उघडला, तर ऐन मीलनाच्या काळात ती उतरंड मोडेल, माद्यांना पुन्हा जोडीदार निवडावा लागेल आणि अंडी उशिरा पडतील, असा हा युक्तिवाद होता.

युक्तिवाद पटण्यासारखा होता, आणि अनेक राज्यांनी तो मनावर घेतला. 2022 मध्ये जॉर्जियाने हंगाम पुढे ढकलला आणि मर्यादा तीन नरांवरून दोनवर आणली. ओक्लाहोमाने त्याच वर्षी ती एकवर आणली. कॅन्ससने 2023 मध्ये शरद ऋतूतला हंगामच थांबवला. टेनेसीत मात्र आधी प्रयोग झाला. राज्याच्या दक्षिण-मध्य भागातल्या तीन काउंट्यांत 2021 आणि 2022 मध्ये हंगाम दोन आठवडे उशिरा उघडला, शेजारी तो नेहमीप्रमाणे ठेवला, आणि दोन्हीकडच्या माद्यांवर लक्ष ठेवले. त्या परिसरात हा अभ्यास 2017 पासूनच चालू होता. माद्या किती वेळा घरटी करतात, किती घरट्यांतून पिल्ले बाहेर पडतात, किती जगतात, यांपैकी कशातही हंगाम ढकलल्याने मोजता येईल असा फरक पडला नाही. तरीही 2023 पासून टेनेसीने संपूर्ण राज्यात हंगाम दोन आठवडे पुढे नेला. मला यात विसंगती दिसत नाही. उशिरा उघडलेल्या हंगामामुळे निदान काही नर वाचू शकतात; फक्त त्याने पिल्ले वाढतील अशी आशा धरणे हे वेगळे. शिवाय एकदा मीलन झाल्यावर मादी शुक्राणू आपल्या शरीरात कित्येक आठवडे साठवून ठेवू शकते, त्यामुळे नर थोडे कमी पडले तरी अंडी वांझ राहतात असे सहसा होत नाही.

मग गळती आहे कुठे? जमिनीवर. रानटर्कीची मादी झाडाच्या बुंध्याशी किंवा झुडपाखाली पाचोळ्यात उथळ खळगा करते आणि साधारण दररोज एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते. त्यात जवळजवळ दोन आठवडे जातात. त्यानंतर सुमारे 28 दिवस ती अंड्यांवर बसते. खाण्यापिण्यासाठी थोडा वेळ उठते आणि परतते. सगळी पिल्ले साधारण एका दिवसाच्या आत बाहेर येतात आणि दुसऱ्या दिवशी तर आईमागे चालूही लागतात, पण त्यांना उडता येत नाही. पहिले दहा ते चौदा दिवस आई रात्री त्यांना पंखांखाली घेऊन जमिनीवरच बसते. पंखांत बळ आल्यावरच हे कुटुंब झाडावर झोपायला जाते. हिशेब केला तर अंड्यापासून पहिल्या उड्डाणापर्यंत जवळजवळ आठ आठवडे सगळे काही भुईवर असते, आणि त्या भुईवर रॅकून, ओपॉसम, स्कंक आणि साप अंड्यांच्या शोधात हिंडत असतात, तर बॉबकॅट नावाची रानमांजर, कायोटी आणि मोठी घुबडे खुद्द मादीवर टपलेली असतात.

माद्यांच्या पाठीवर जीपीएस यंत्रे बसवून आग्नेयेकडील राज्यांत झालेल्या अभ्यासांत चारांपैकी तीन घरटी, कधी त्याहूनही अधिक, उबण्यापूर्वीच उद्ध्वस्त झालेली आढळतात. समजा शंभर माद्यांपैकी 25 जणींची घरटी पार पडली आणि प्रत्येकीची दहा पिल्ले निघाली, तर पिल्ले झाली 250. पहिल्या महिन्यात त्यांतली दोन-तृतीयांश गेली, आणि हे मुळीच अतिशयोक्त गृहीतक नाही, तर उरली 83. म्हणजे मादीमागे सरासरी एक पिल्लूही नाही. घरटे मोडलेल्या काही माद्या पुन्हा अंडी घालतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा वर जातो. परंतु संख्या टिकायला उन्हाळ्याच्या शेवटी मादीमागे साधारण दोन पिल्ले असावीत हा जो वन्यजीव खात्यांचा ठोकताळा आहे, त्याच्याही खाली दक्षिणेतली अनेक राज्ये अलीकडे राहिली आहेत.

या जून महिन्यात मेलेले पिल्लू लगेच कोणाच्या ध्यानात येत नाही. ते जगले असते तरी पुढच्या वसंतात जेमतेम एक वर्षाचा, तुटक हाक देणारा पोरसवदा नर झाले असते; शिकाऱ्यांच्या बोलीत त्याला ‘जेक’ म्हणतात. छाती फुगवून दिवसभर साद घालणारे, आणि म्हणून सर्वाधिक मारले जाणारे, नर बहुधा दोन वर्षांचे असतात. त्यामुळे एप्रिलच्या पहाटे जाणवणारी शांतता ही जवळजवळ दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गवतात घडलेल्या गोष्टीचा निरोप असते, आणि शिकारी चालू हंगामातल्या शेजाऱ्यावर किंवा अलीकडच्या पावसावर राग काढत असतो.

भक्षक वाढले, हे शिकाऱ्यांचे लाडके उत्तर, आणि त्यात तथ्य आहे. 1980 च्या दशकाच्या शेवटी फरच्या किमती कोसळल्या, फासे लावून रॅकून धरणे कोणाला परवडेना, आणि अंडीखाऊ प्राण्यांवरचा तो दाब सुटला. पण फासे पुन्हा लावून प्रश्न सुटेल असे नाही. मोकळ्या झालेल्या जागेत शेजारचे प्राणी थोड्याच काळात शिरतात, त्यामुळे ते काम मोठ्या क्षेत्रावर आणि दरवर्षी करावे लागते. 2009 मध्ये रानटर्कीत प्रथम आढळलेल्या एका विषाणूचाही बराच बोलबाला झाला. तो पुष्कळ पक्ष्यांत सापडतो, मात्र बहुतेकांना त्याने काही होत नाही. काही अभ्यासकांच्या मते पक्षी रिकाम्या जंगलात सोडल्यावर आलेली भरतीच असाधारण होती आणि दाटी वाढल्यावर ती ओसरणार होतीच. घरटी करायच्या चांगल्या जागा संपल्या की उरलेल्या माद्या वाईट जागी बसतात, हे त्यामागचे साधे गणित.

चांगली जागा म्हणजे काय हे पिल्लाच्या उंचीवरून पाहिले पाहिजे. वीतभर उंचीच्या त्या जिवाला वरून झाकणारे, माणसाच्या गुडघ्यापर्यंत येणारे गवत-झुडूप लागते; त्याच्या तळाशी जमीन मोकळी हवी, नाहीतर त्याला चालताच येत नाही; आणि कीटक भरपूर हवेत, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत त्याची वाढ त्यांतल्या प्रथिनांवर होते. त्याच वेळी आईला मान उंचावून आजूबाजूला पाहता आले पाहिजे. दक्षिणेत अशी भुई पूर्वी आगीने तयार होत असे. वीज पडून लागणाऱ्या आणि मूलनिवासींनी लावलेल्या लहान आगी लाँगलीफ पाइनच्या रानातला पाचोळा दर दोन-चार वर्षांनी जाळून टाकत, वरची झाडे मात्र शाबूत राहत. ती पाइनराने एके काळी सुमारे 9 कोटी एकरांवर होती. ती 30 लाख एकरांच्या आसपास आली. विसाव्या शतकात आग म्हणजे शत्रूच असे लोकांच्या मनावर ठसवले गेले, मालकीचे तुकडे लहान झाले, धुराच्या तक्रारी वाढल्या, आणि जळायचे थांबलेले रान खालून काट्याकुट्याने गच्च झाले. दूरच्या रस्त्यावरून पाहणाऱ्याला ते हिरवेगार आणि सुदृढ दिसते. टर्कीच्या पिल्लाला ते भिंतीसारखे असते.

म्हणून आता दक्षिणेतले बरेच शिकारी हिवाळ्यात आणि वसंतात परवाने काढून आपल्या जमिनी पट्ट्यापट्ट्यांनी जाळतात, आणि उन्हाळ्यात मोजणी करतात. जुलै-ऑगस्टमध्ये शेतात किंवा रस्त्याकडेला टर्कीची मादी दिसली की तिच्याबरोबर किती पिल्ले आहेत ते नोंदवून राज्याच्या खात्याला कळवायचे, अशी ही पद्धत आहे. पिल्लांची रांग पाहून लोक उत्साहाने नोंद करतात. एकटी मादी दिसली तर मोजण्यासारखे काही नाही असे समजून पुढे जातात. त्यामुळे सरासरी फुगते. खात्याच्या सूचनांमध्ये दरवर्षी आवर्जून लिहिलेले असते की एकही पिल्लू सोबत नसलेली मादीही नोंदवावी, आणि पिल्लांच्या रकान्यात शून्य घालावे.