दोन बोटांची जागा : नाकपट्टीच्या वादाची पार्श्वभूमी

1 मे 2025 पासून आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी स्पर्धांत हातात मावेल एवढं एक माप वापरात आलं. स्पर्धेचा स्टुअर्ड, म्हणजे नियम पाळले जातात का ते पाहणारा अधिकारी, ते घोड्याच्या नाकाच्या हाडावर ठेवून नाकपट्टीखाली, म्हणजे नाक आणि जबड्याभोवती बांधायच्या चामड्याच्या पट्ट्याखाली, सरकवतो. दीड सेंटीमीटरची फट असेल तर ते आत जातं, नसेल तर पट्टी आवळलेली. त्याआधी हे काम बोटांनी चालायचं, आणि बोट कोणाचं, ते कुठे घालायचं, यावर पंचवीसेक वर्षं भांडण झालं.

मराठीत हे सांगायला बसलं की पहिली अडचण 'लगाम' या शब्दाची. घोड्याच्या तोंडातलं लोखंड लगाम, डोक्यावर चढवायचा चामड्याचा साज लगाम आणि स्वाराच्या हातातले पट्टे तेही लगामच. 'वाग' हा शब्द जवळजवळ गेला; 'बागडोर' उरली ती पक्षाची आणि सरकारची. त्यामुळे 'डबल ब्रायडल'ला कोणी 'दुहेरी लगाम' म्हटलं की वाचक दोन जोड पट्टे धरलेला स्वार डोळ्यांसमोर आणतो. ते खरंच आहे, पण अर्धंच. तोंडात लोखंडंही दोन असतात: पातळ ब्रॅडून आणि त्याच्या जोडीला कर्ब, ज्याची साखळी हनुवटीखालून जाऊन तरफेसारखी ओढ देते. या दोन्हींची ओढ निदान स्वाराच्या हातात असते. हात सैल सोडला की तोंडावरचा दाब उतरतो. नाकपट्टी मात्र कुठल्याच हाताला जोडलेली नसते. तबेल्यात बकल लागलं की घोडा परत येईपर्यंत ते तसंच. घोड्याने कितीही चांगलं काम केलं तरी बक्षीस म्हणून ती सैल होत नाही. हा वाद लगामाचा म्हणून सांगितला जातो तेव्हा नेमकी हीच गोष्ट निसटते.

जुना इतिहास थोडक्यात. इंग्लंडात शिकारीच्या घोड्याची साधी नाकपट्टी, म्हणजे कॅव्हेसन, बरीचशी शोभेची. फार तर स्टँडिंग मार्टिंगेल, म्हणजे घोड्याने डोकं फार वर उचलू नये म्हणून लावायचा पट्टा, अडकवायला तिचा उपयोग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीच्या घोडदळातल्या एका कॅप्टनने उडीच्या वेळी स्वाराला पुढे झुकायला शिकवलं, तेव्हा बदललं ते मुख्यतः खोगीर. तोंड उघडून लोखंड चुकवणाऱ्या घोड्यांसाठी लोखंडाच्या खालून बांधायच्या आणि फुलीच्या नाकपट्ट्याही आल्या. फुलीच्या पट्टीचं नाव ग्रॅकल, 1931 ची ग्रँड नॅशनल ही इंग्लंडातली अडथळ्यांची शर्यत जिंकलेल्या घोड्यावरून. 'दोन बोटं जातील एवढी सैल' हा संकेत घोडेस्वारीच्या जुन्या पुस्तकांतलाच.

खरी गडबड क्रँक बकलाने केली. त्यात पट्टा कडीतून जाऊन मागे वळतो, म्हणून हाताचा जोर जवळपास दुप्पट होतो. खाली जाड पॅड असल्याने बाहेरून काही टोचतंय असं दिसत नाही. ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या ठरावीक चाली पाहून पंच गुण देतात त्या स्पर्धेत, तोंड उघडलं, जीभ दिसली की गुण जातात. मग पट्टी आवळण्यात फायदा कोणाचा, हे वेगळं सांगायला नको. घोड्याच्या वरच्या दाढांची बाहेरची कड धारदार असते आणि आवळलेली पट्टी गाल त्या कडेवर दाबते, पण ते पंचाला कुठून दिसणार?

आकडे आले ते उशिरा. 2016 च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात 12 घोड्यांना डबल ब्रायडल घालून पट्टी पूर्ण आवळली, तेव्हा हृदयाचे ठोके वाढले, चघळणं आणि गिळणं जवळपास थांबलं. 2017 मध्ये 750 स्पर्धक घोड्यांच्या पट्ट्या मोजल्या गेल्या: 44 टक्क्यांमध्ये काहीच फट नव्हती, दोन बोटांचा संकेत पाळणाऱ्या फक्त 7 टक्के.

पलीकडच्या बाजूलाही एक भक्कम अभ्यास आहे, तो लपवून चालणार नाही. डेन्मार्कमध्ये स्पर्धेतल्या तीन हजारांहून अधिक घोड्यांची तपासणी झाली, त्यात सैल पट्टीच्या घोड्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांत जखमा जास्त निघाल्या. 'पट्टी लोखंड स्थिर ठेवते' म्हणणाऱ्यांना हा मोठा आधार मिळाला. पण तिथे पाहिले गेले ते ओठांचे कोपरे. गालाची आतली बाजू आणि हिरडीचं हाड तपासलंच नव्हतं. जी जागा पाहिली नाही ती निर्दोष ठरवायची, हा युक्तिवाद मला पटत नाही.

मग मोजायचं कुठे? ड्रेसाजमध्ये स्टुअर्ड गालापाशी बोट घालत. गाल मऊ; दाबला की जागा होते, त्यामुळे आवळलेली पट्टीही पास व्हायची. नाकाचं हाड दबत नाही. घोड्यांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने म्हणूनच हाडावर सरकवायची निमुळती पट्टी बनवली होती. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियामक संस्थेने ती उचलली नाही. पुढे व्हिडिओ फिरले, ड्रेसाजच्या घोड्यांच्या निळसर पडलेल्या जिभांचे फोटो छापून आले, आणि मग या नियामक संस्थेने स्वतःचं माप आणलं. टीकाकारांचं म्हणणं, दीड सेंटीमीटर म्हणजे मोठ्या माणसाची दोन बोटं होत नाहीत. प्रशिक्षकांचं म्हणणं, प्रत्येक घोड्याचं नाक वेगळं. मोजायची जागा मात्र गालावरून हाडावर आली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला मोठा बदल हाच.

क्रँक बकलावर मात्र अजून बंदी नाही.